अनुकंपावर लागल्यानंतरची अडीच वर्षं

सेवेत असताना वारलेल्या कर्मचाऱ्याच्या घरातल्या एकाला अनुकंपावर नोकरी कशी मिळते, याची माहिती शोधली की सापडते. कागदांची यादी, शासन निर्णय, अर्जाचा नमुना, सगळं. पण ज्या कार्यालयात वडिलांनी बावीस वर्षं काढली, त्याच कार्यालयात आपण कोण म्हणून बसायचं, हे मला कुठे वाचायला मिळालं नाही. ज्यांच्या हातात आज-उद्या असा आदेश पडणार आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आप्पा एप्रिल २०२१ मध्ये गेले. कोविडची दुसरी लाट. मराठवाड्यातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी शासकीय कार्यालयात ते वरिष्ठ लिपिक होते. जुलैमध्ये आम्ही अर्ज दिला. वारसांची ना-हरकत, कुटुंबाचा सांभाळ करीन असं प्रतिज्ञापत्र, लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापन, शाळा सोडल्याचा दाखला, पदवी, एमएस-सीआयटी. प्रतीक्षासूचीत माझा नंबर अकरावा लागला. दर दोन-तीन महिन्यांनी मी जाऊन सूची कितपत सरकली ते विचारून यायची. डिसेंबर २०२२ मध्ये लिपिक-टंकलेखक पदाचा आदेश आला. टंकलेखनाचं प्रमाणपत्र माझ्याकडे नव्हतं, ते दोन वर्षांत मिळवायची अट आदेशातच होती. ती ओळ आईने तीनदा वाचून घेतली.

२ जानेवारी २०२३, सोमवारी सकाळी साडेनऊलाच मी दारात उभी होते. पहिली गोष्ट इथेच सांगते. रुजू अहवाल आपणच लिहायचा असतो, साध्या कागदावर, आणि त्यात ‘मध्यान्हपूर्व रुजू झाले’ हे शब्द यायला हवेत. दुपारनंतर रुजू झालात तर तो दिवस धरला जात नाही. मला हे शिपाईमामांनी सांगितलं. त्यांनीच कोरा कागद दिला, कार्बन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारून आणून दिला. ती प्रत अजून माझ्या फाइलमध्ये पहिल्या पानावर आहे.

त्या दिवशी सगळ्यांनी मला इतक्या मायेने वागवलं की मला बोलता येईना. कुणी चहा मागवला, कुणी डबा पुढे केला, लेखा शाखेतल्या मॅडम जवळ घेऊन रडल्या. “बस बेटा, घाई नाही. सवय होईल हळूहळू.” खिडकीजवळ एक खुर्ची दिली. टेबल दिलं नाही, काम दिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पहिल्या आठवड्यात मी तीन लिफाफे चिकटवले आणि एकदा मस्टर साहेबांकडे नेऊन दिलं.

तिसऱ्या आठवड्यात पाण्याच्या पिंपाजवळ दोघांचं बोलणं कानावर आलं. “अनुकंपावर आलीय. टायपिंगसुद्धा येत नाही. आप्पांकडे बघून सांभाळायचं.” बोलणाऱ्यांच्या मनात वाईट काही नव्हतं, हे मला आजही खात्रीने वाटतं. पण घरी येताना एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले होते. स्पर्धा परीक्षा देऊन आलेल्याला पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही की तुला काय येतं. आपल्याकडे बघताना लोकांना आधी घरातलं दुःख दिसतं. त्या दुःखाचा मान म्हणून ते आपल्याला काम देत नाहीत, आणि काम नसलं की आपण कधीच कर्मचारी होत नाही.

आईला सांगितलं तर ती म्हणाली, “मागून घे.” एवढंच.

दुसऱ्या दिवशी मी अधीक्षक मॅडमकडे गेले. काय बोलायचं ते घरीच लिहून, चार वेळा वाचून ठेवलं होतं. “मॅडम, कार्यवाटपात माझं नाव नाही. मला एखादं टेबल लेखी मिळावं.” कार्यवाटप आदेश म्हणजे कोणत्या कर्मचाऱ्याकडे कोणता विषय, याची कार्यालय प्रमुखांच्या सहीची यादी. तिच्यात नाव येईपर्यंत आपण केलेलं काम कुणाच्याच खात्यावर नसतं, आणि चूक झाली तर जबाबदारी कुणाची हेही ठरत नाही. मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. म्हणाल्या, “अर्ज दे.” मी खिशातून काढून दिला. २७ जानेवारीच्या सुधारित कार्यवाटपात शेवटच्या ओळीत माझं नाव आलं. विषय: आवक-जावक. आमच्याकडे जुने लोक अजून बारनिशी म्हणतात.

बारनिशीचं टेबल कुणाला नको असतं. दिवसभर शिक्के, नंबर, पोच मागायला उभी राहिलेली माणसं. पण नव्या माणसाला मी हेच टेबल मागून घ्यायला सांगेन. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद आपल्या हाताखालून जातो. कोणता विषय कोणाकडे, कुठल्या पत्राला किती घाई, कुठल्या पत्राच्या खाली कोण सही करतं, हे दोन महिन्यांत अंगवळणी पडतं. आणि प्रत्येक टेबलाला रोज आपल्याशी बोलावंच लागतं.

आधीच्या नोंदवहीत अक्षर कसंही होतं, विषयाच्या रकान्यात नुसतं ‘पत्र’ किंवा ‘अर्ज’ लिहिलेलं. तीन महिन्यांनी कुणी ‘माझा अर्ज कुठे गेला’ विचारत आलं की सगळी वही चाळायची. मी विषयाच्या रकान्यात किमान पाच-सहा शब्द लिहायचे ठरवले: कुणाचा, कशाबद्दल, सोबत किती पानं. कागद टेबलावर दिला की शेवटच्या रकान्यात त्या लिपिकाची लघुस्वाक्षरी आणि तारीख. सुरुवातीला याचा त्रास झाला. “अगं, ठेव तिथे, बघतो मी” म्हणणारे होते. मी उभी राहायची, काही न बोलता, वही उघडी धरून. पंधरा दिवसांत सह्या आपोआप मिळू लागल्या.

इथे हाक मारण्याचा प्रश्न आला. आप्पांच्या शेजारच्या टेबलावर बसणारे वरिष्ठ लिपिक आमच्या घरी येणारे-जाणारे. मी लहानपणापासून त्यांना काका म्हणते. तेही मला बेटा म्हणायचे, समोर कुणीही बसलेलं असो. एकदा एक गृहस्थ माहिती अधिकाराचा अर्ज द्यायला आले. मी पोच लिहीत होते. काका मागून म्हणाले, “बेटा, ते राहू दे, मी बघतो.” गृहस्थांनी माझ्या हातातला अर्ज काढून घेतला आणि काकांकडे दिला. पुढचा आठवडाभर ते गृहस्थ माझ्याकडे वळलेच नाहीत.

मी त्या दिवसापासून कार्यालयात काकांना सर म्हणायला लागले. त्यांना ते लागलं. दोन दिवस त्यांनी डबा माझ्यासोबत खाल्ला नाही. तिसऱ्या दिवशी मीच त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, “काका, घरी तुम्ही काकाच. इथे समोर लोक बसलेले असतात. मला तुम्ही बेटा म्हणालात की ते मला कागद देत नाहीत.” ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “आप्पा पण मला चारचौघांत साहेब म्हणायचा. आत आल्यावर शिव्या द्यायचा.” त्यानंतर अभ्यागत असले की ते मला मॅडम म्हणू लागले. हे बोलणं मी टाळलं असतं तर दोघांच्याही मनात अढी राहिली असती. अशा गोष्टी समोर बसून, प्रेमाने आणि कारण देऊन सांगाव्यात, असं माझं ठाम मत झालं आहे.

कपड्यांचं थोडक्यात. डिसेंबर २०२० मध्ये शासनाने कर्मचाऱ्यांच्या पेहरावाबद्दल परिपत्रक काढलं होतं. गडद रंगाचे, चित्रविचित्र नक्षीचे कपडे नकोत, स्लिपर नको, शुक्रवारी खादी वापरावी, असं त्यात आहे. मी कॉलेजचेच ड्रेस घालून जात होते. पगार अजून सुरू झाला नव्हता. सेवार्थ, म्हणजे पगाराच्या ऑनलाइन प्रणालीतला, क्रमांक मिळून, बिलात नाव लागून पहिला पगार एप्रिलमध्ये, मागच्या महिन्यांसह एकदम आला. मूळ वेतन १९,९००. तोपर्यंत आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनावर चाललं. पहिले तीन-चार महिने हातात पगार येणार नाही असंच धरून चाला. पगार झाल्यावर चार सुती कुर्ते, एक खादीचा आणि पट्ट्याचे सँडल घेतले, ३,४०० रुपये. ओळखपत्र गळ्यात अडकवायला लागले आणि समोरून येणारा माणूस आधी ते वाचतो हे लक्षात आलं. ओळखपत्राचा अर्ज रुजू होतानाच द्यावा, मी दोन महिने उशीर केला.

आता माझी चूक.

१४ मार्च २०२३ ला जुन्या पेन्शनसाठी राज्यभर संप सुरू झाला. मीही संपात होते. २० तारखेला संप मिटला. २१ ला कार्यालयात आले तर टपालाचा ढीग टेबलावर मावेना. टपाल, ईमेलच्या प्रिंट, हाती आलेले अर्ज. मी दिवसभर खाली मान घालून नोंदी केल्या. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या वर कागद झाले. शिस्तीत, आलेल्या क्रमाने. २२ ला गुढीपाडव्याची सुट्टी, म्हणून २३ ला सकाळी टेबलनिहाय वाटले.

त्यात एक पत्र तारांकित प्रश्नाचं होतं, म्हणजे आमदाराने विचारलेल्या, सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागणाऱ्या प्रश्नाचं. विधिमंडळाचं अर्थसंकल्पी अधिवेशन सुरू होतं, त्या प्रश्नाची माहिती वरच्या कार्यालयाला त्याच दिवशी हवी होती. वर लाल अक्षरात ‘तारांकित’ लिहिलेलं होतं. मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. मी त्याला १३७ वा नंबर दिला आणि गठ्ठ्यात ठेवलं. २३ तारखेला दुपारी वरून फोन आला. साहेब स्वतः बाहेर आले. सगळ्यांसमोर विचारलं, “हे कोणी घेतलं?”

मला कारणे दाखवा नोटीस मिळाली. नोकरीला तीन महिने झाले नव्हते. खुलासा द्यायला तीन दिवस. त्या तीन दिवसांत सगळ्यांनी सल्ले दिले. संपामुळे टपाल साचलं होतं असं लिही. प्रशिक्षण दिलं नाही असं लिही. आप्पांचा उल्लेख कर, साहेब ऐकतील. यातलं पहिलं आणि दुसरं खरंही होतं. मी रात्री बसून लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी चार ओळी राहिल्या. पत्र २१ मार्चला सकाळी माझ्या हाती आलं. त्यावरचा शेरा मी वाचला, पण त्याची तातडी मला समजली नाही आणि मी कुणाला विचारलं नाही. ही चूक माझी आहे. यापुढे अशा पत्रांसाठी वेगळी नोंदवही ठेवत आहे, तिचा नमुना सोबत जोडला आहे.

नमुना खरंच जोडला होता. एका पानावर रकाने आखून: विधिमंडळ, न्यायालय, लोकायुक्त, माहिती अधिकार, अर्धशासकीय पत्रं. माहिती अधिकाराच्या अर्जापुढे तीस दिवस कधी संपतात ती तारीख. बाकी प्रत्येक कागदापुढे सात दिवसांची तारीख, कारण २००५ च्या विलंब प्रतिबंध कायद्याने कुठलीही नस्ती, म्हणजे फाइल, एका टेबलावर कामाच्या सात दिवसांहून जास्त पडून राहता कामा नये. हा कायदा मला अधीक्षक मॅडमनी त्याच आठवड्यात समजावून सांगितला.

साहेबांनी खुलाशावर ‘मान्य. पुनरावृत्ती टाळावी’ असा शेरा दिला. नोटीस देताना मॅडम माझ्याशी जेमतेम बोलल्या होत्या. खुलासा परत देताना म्हणाल्या, “रोज सकाळी दहा वाजता ती वही घेऊन माझ्याकडे यायचं.” त्या दिवसापासून मी रोज दहाला त्यांच्यासमोर उभी राहायला लागले. दहा मिनिटं. आधी कुणी मला ओरडत नव्हतं, कारण कुणाला माझ्याकडून काही अपेक्षा नव्हती. आता मॅडम ओरडायच्या. मला ते आवडायला लागलं, हे कुणाला विचित्र वाटेल, पण जो अनुकंपावर आला आहे त्याला कळेल.

टायपिंगचा क्लास फेब्रुवारीतच लावला होता. सकाळी साडेसहा ते साडेसात, गावातच. मग साडेआठची एसटी, कारण कार्यालय पावणेदहाला भरतं. १७ मार्चपासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट झालं, महिन्याला हजार रुपये तरी वाचले, तेच क्लासच्या फीला लागले. सहा महिन्यांची फी आणि परीक्षा शुल्क मिळून साडेसहा हजार गेले.

मराठी टंकलेखन म्हणजे मोबाइलवर बोलून किंवा इंग्रजी अक्षरांतून मराठी उठवणं नव्हे. क्लासमध्ये रेमिंग्टन कळफलक. अर्धं अक्षर आधी, मग काना देऊन ते पूर्ण करायचं. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, जुन्या टाइपरायटरसारखी. ‘किती’ लिहायला डोक्यात आधी ‘ि’ यावी लागते, मग ‘क’. कार्यालयातल्या संगणकावर मात्र मी इनस्क्रिप्टने काम करत होते, तिथे वेलांटी नंतर. दिवसा एक सवय, सकाळी दुसरी. बोटं गोंधळायची. पहिल्या परीक्षेत पत्र आणि तक्ता चांगला झाला, गतीच्या उताऱ्यात मी अडकले आणि नापास झाले. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संकेतस्थळावर निकाल बघितला तेव्हा कार्यालयातच होते. कुणी विचारण्याआधी मीच मॅडमना सांगितलं. लपवलं असतं तरी चार दिवसांत कळलंच असतं, आणि मग कळण्याची तऱ्हा माझ्या हातात राहिली नसती.

दुसऱ्या वेळेसाठी मी कार्यालयातल्या संगणकावरही रेमिंग्टनच ठेवला. दोन महिने माझं काम मंदावलं, मॅडमना आधी सांगून ठेवलं होतं. रोज शेवटच्या बसची वाट बघताना मोबाइलवर वर्तमानपत्रातला एक परिच्छेद काढून, मांडीवर बोटं चालवत मनात टाइप करायची. या वेळी पास झाले. प्रमाणपत्र हाती यायला आणखी काही महिने गेले. आदेशातली दोन वर्षांची मुदत संपायला तेव्हा अवकाश होता, पण दोनदा नापास झाले असते तर नव्हता. तेव्हा क्लास रुजू झाल्याच्या पहिल्या महिन्यात लावा. प्रमाणपत्राची छायाप्रत दिली, पोच घेतली, आणि सेवापुस्तकात, म्हणजे नोकरीतल्या सगळ्या नोंदींच्या पुस्तकात, नोंद झाली की नाही ते स्वतः उघडून बघितलं. सेवापुस्तक आपलंच आहे, बघायला मागायचा संकोच करू नये. त्यात नाव, जन्मतारीख, शिक्षण बरोबर आहे का ते पहिल्याच वर्षी पाहून घ्यावं. माझ्या आईचं नाव चुकलं होतं, एका अर्जावर दुरुस्त झालं. निवृत्तीच्या तोंडावर हेच काम महिनेच्या महिने खातं.

जानेवारी २०२४ मध्ये कार्यवाटप बदललं आणि मला आस्थापनेचं, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या सेवाविषयक कामाचं, दुसरं टेबल मिळालं, रजा आणि किरकोळ प्रकरणं. इथे टिपणी लिहावी लागते, म्हणजे प्रकरण काय आणि काय करावं हे साहेबांच्या निर्णयासाठी नस्तीत मांडायचं. टिपणी हीच खरी ओळख, हे मला इथे कळलं. साहेब आपल्याला भेटत नाहीत, आपली टिपणी त्यांना रोज भेटते.

माझी पहिली टिपणी तिनदा परत आली. प्रकरण एका शिपायाच्या रजेचं होतं. मुलीच्या लग्नासाठी त्यांना पंचेचाळीस दिवसांची अर्जित रजा हवी होती. मी सेवापुस्तकातला रजेचा हिशोब बघितला. शेवटची शिल्लक अडतीस दिवस. मी लिहिलं: ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, संबंधित कर्मचारी यांच्या खाती पुरेशी रजा शिल्लक नसल्याचे दिसून येत असल्याने त्यांचा अर्ज अमान्य करण्यास हरकत नसावी.’ वाचायला भारदस्त वाटलं. मॅडमनी समासात लिहिलं: ‘१ जानेवारी?’

मला तो शेरा कळायला संध्याकाळ झाली. अर्जित रजा १ जानेवारीला पंधरा आणि १ जुलैला पंधरा दिवस आगाऊ जमा होते. जानेवारीची जमा आधीच्या कुणी टाकलीच नव्हती. अडतीस अधिक पंधरा, त्रेपन्न. रजा शिल्लक होती. माझ्या त्या भारदस्त वाक्याने एका बापाची लेकीच्या लग्नातली रजा गेली असती. मी त्या रात्री नीट झोपले नाही.

दुसऱ्यांदा परत आली, कारण त्यांच्या रजेच्या काळात काम कोण बघणार हे लिहिलं नव्हतं. तिसऱ्यांदा मॅडम म्हणाल्या, “जुनी एखादी रजेची नस्ती काढून बघ. लिहायचं कसं ते कळेल.”

अभिलेख कक्षात दुपारभर शोधल्यावर २०१३ ची एक नस्ती सापडली. उघडली आणि अक्षर ओळखलं. आप्पांचं. निळी शाई, सात आकड्याला मधोमध छोटी आडवी रेघ. अर्ध्या पानाची टिपणी. सुरुवातीलाच: अर्ज पान १ वर. मागितलेली रजा ३० दिवस. मग समासात पेन्सिलीने आखलेला बारीक चौकोन, त्यात जमा, खर्ची, शिल्लक, आणि सेवापुस्तकाचं पान. मग एक ओळ, काम कोण बघेल. मग: ‘मंजुरीस हरकत नाही. आदेशार्थ सादर.’ एक शब्द जास्त नाही. ‘सविनय’ कुठेच नाही.

मी खाली बसून ती टिपणी वहीत उतरवून घेतली. घरी आप्पा कधी कार्यालयाबद्दल बोलायचे नाहीत. ते काम कसं करत होते हे मला त्या अर्ध्या पानातून कळलं. तोपर्यंत मला वाटायचं की त्यांच्या सावलीतून बाहेर पडायचं आहे. त्या दिवशी वाटलं, त्यांच्याकडून शिकायचं राहूनच गेलं होतं.

तेव्हापासून माझी टिपणी चार गोष्टींवर उभी असते: कागदात काय मागितलं आहे, आकडे किंवा पुरावा कुठल्या पानावर आहे, नियम काय म्हणतो, आणि आपण काय सुचवतो. प्रत्येक आकडा मूळ कागदावरून, आधीच्या टिपणीवरून कधीच नाही. जोडपत्रांना पताका लावते, साहेबांना पान उलटावं लागू नये म्हणून. आणि ‘अमान्य’ लिहिण्याआधी हिशोब दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा करते. शिपाईमामांची रजा मंजूर झाली. हो, तेच मामा, ज्यांनी मला रुजू अहवालासाठी कोरा कागद दिला होता. लग्नाला आम्ही सगळे गेलो.

२०२३-२४ च्या गोपनीय अहवालात मला ‘ब+’ मिळाला. शेरा होता: टपालाचे काम वेळेत करतात, टिपणी लेखनात सुधारणेस वाव. वाचून थोडं वाईट वाटलं, पण त्यात माझ्या कामाबद्दल लिहिलं होतं. मी कुणाची मुलगी हे कुठे नव्हतं. ती प्रत आईला वाचून दाखवली.

मे २०२५ मध्ये काका निवृत्त झाले. आमच्याकडे ३१ मेला निवृत्त होणारे खूप असतात, त्या पिढीत शाळेत घालताना जन्मतारीख १ जून लावायची पद्धत होती. ३१ ला शनिवार, म्हणून निरोप समारंभ शुक्रवारी ३० तारखेला ठरला. काकांकडचं आस्थापनेचं पहिलं टेबल, म्हणजे सगळ्यांची सेवापुस्तकं आणि निवृत्तिवेतन, कार्यवाटपाने माझ्याकडे आलं.

गुरुवारी दुपारी काकांनी प्रभार यादी, म्हणजे टेबलाबरोबर काय काय सोपवलं त्याची यादी, माझ्यापुढे ठेवली. टाइप केलेली, नीट. सेवापुस्तकं ८६. “कर सही, उद्या गडबड असेल.” मी म्हटलं, “सर, मोजून घेऊ या का?” त्यांचा चेहरा पडला. “बावीस वर्षं तुझ्या बापाशेजारी बसलोय. माझ्यावर विश्वास नाही?” मला खूप अवघड गेलं. पण सेवापुस्तक हरवलं तर त्या माणसाचं पेन्शन अडतं, आणि उद्यापासून त्याचं उत्तर मला द्यायचं होतं. मी तेवढंच सांगितलं. काका काही न बोलता उठले आणि कपाटाची किल्ली पुढे केली.

दोघांनी मिळून मोजली. ते नाव वाचायचे, मी पुस्तक उचलून उजवीकडे ठेवायची. ८५ भरली. पुन्हा मोजली, ८५. काकांच्या कपाळावर घाम आला. कपाटाच्या मागे, टेबलाच्या कप्प्यात, शेजारच्या शाखेत, सगळीकडे बघितलं. कोणाचं पुस्तक नाही ते नावावरून कळलं, एक वाहनचालक, ज्यांची बदली मागच्याच वर्षी तालुक्याला झाली होती. काका खुर्चीत बसून राहिले. “पडताळणीला दिलं होतं का कधी? मला आठवत नाही रे.”

मी २०२३ ची जावक नोंदवही काढली. माझ्याच अक्षरातली. विषयाचे पाच-सहा शब्द लिहायची सवय त्या वर्षी लावली होती, म्हणून बोट फिरवत गेले. सप्टेंबरमध्ये सापडलं: वाहनचालकांचं नाव, मूळ सेवापुस्तक, वेतन पडताळणीसाठी, हस्ते. समोर नेणाऱ्याची सही. तिथून ते परत आणायला आमच्याकडून कुणी गेलंच नव्हतं.

यादी मी पुन्हा टाइप केली. हस्तगत ८५, पडताळणीसाठी बाहेर १, जावक क्रमांक आणि दिनांक. काकांनी चष्मा पुसून ती ओळ दोनदा वाचली आणि ‘प्रभार सोपविला’ यावर सही केली. मी ‘प्रभार स्वीकारला’ यावर केली. साडेसहा वाजून गेले होते.

“मॅडम,” ते म्हणाले. खोलीत आमच्याशिवाय कुणी नव्हतं. “एक प्रत मला द्या.”

मी झेरॉक्स काढून आणली आणि कार्यालयाच्या प्रतीवर त्यांची पोच घेतली.